रुग्णाला उपचारापर्यंत नेण्याचे काम: नव्या नोकरीतील समाधानाविषयी

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार. नोकरी बदलावी की नाही, या विषयावर येथे पुष्कळ चर्चा होते. रुग्णांना घरून रुग्णालयात नेण्याची आणि परत घरी सोडण्याची व्यवस्था पाहणे हेही एक पूर्णवेळ काम असू शकते, याविषयी मात्र कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. लिखाण लांबणार आहे, कारण या कामात मला जे समाधान मिळते आहे ते नेमके कशातून येते, हे नीट मांडायचे आहे.

मी पूर्वी भिवंडीच्या गोदामांतून सुटणाऱ्या मालाच्या गाड्यांचे वेळापत्रक आखत असे. आईवडिलांचे वय झाल्यामुळे कुडाळला परत यावे लागले आणि येथील एका धर्मादाय न्यासात रुग्णवाहतुकीची समन्वयक म्हणून काम मिळाले. न्यासाकडे चाकांची खुर्ची थेट आत चढवता येईल अशी फळी बसवलेली एक गाडी, स्ट्रेचरची एक गाडी आणि काही साध्या गाड्या आहेत. अपघात, हृदयविकाराचा झटका किंवा अडलेली बाळंतीण यांच्यासाठी 108 आणि 102 या सेवा आहेत. ते आमचे काम नाही. आमचे रुग्ण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जाणारे असतात: डायलिसिसचे, केमोथेरपीचे, कोल्हापूरला कर्करोगावरचा शेक (किरणोपचार) घेण्यासाठी जाणारे, अर्धांगवायूनंतर व्यायामोपचारासाठी जाणारे, गोव्यात बांबोळीला तपासणीसाठी बोलावलेले.

या कामाची गरज का पडते, हे आधी सांगायला हवे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाल्यापासून गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस मोफत मिळू लागले, आणि आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही ते बसते. यंत्र मोफत आहे, सुई मोफत आहे, परिचारिका प्रेमाने वागणारी आहे. पण वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या किंवा दोडामार्गच्या डोंगराकडेच्या घरापासून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता मोफत नाही. फुले योजनेत रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते, आणि ते शस्त्रक्रियेच्या रुग्णाला उपयोगी पडते. ज्याला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आहे, आणि तेही आयुष्यभर किंवा मूत्रपिंड मिळेपर्यंत, त्याचा हिशेब वेगळाच होतो. घरापासून फाट्यापर्यंत रिक्षा, फाट्यावरून एस.टी., तेथून पुन्हा रिक्षा, सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि परतीच्या वेळी थकलेल्या शरीराने थांब्यावर काढलेला तास. उपचारांना कंटाळून नव्हे, तर रस्त्याला कंटाळून डायलिसिसची एखादी पाळी चुकवणारी माणसे मी येथे पाहिली आहेत. पाळी चुकली की अंगात पाणी साठते, रक्तातील पोटॅशियम वाढते, रात्री आडवे झाले की श्वास लागतो, आणि जो माणूस सकाळी शांतपणे बसून गेला असता त्याला मध्यरात्री धावपळ करून न्यावे लागते.

माझ्या दिवसाची खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. उद्याच्या प्रत्येक रुग्णाला मी स्वतः दूरध्वनी करते. उलटी आहे का, ताप आहे का, पायाची सूज वाढली आहे का, रात्री उशी उंच घ्यावी लागते का, सोबत कोण आहे, नसल्यास मी येऊ का, कागद पिशवीत ठेवले का, डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ततपासणीचा निकाल मिळाला का. सूज आणि धाप वाढलेली असेल तर तसे डायलिसिस केंद्राला रात्रीच कळवते. यातले काहीही वैद्यकीय ज्ञान म्हणता येणार नाही. मात्र हे प्रश्न दर वेळी, न चुकता आणि न घाई करता विचारणारा माणूस घरोघरी नसतो.

कोकणातील घरांची गोष्ट जाणकारांना सांगायला नकोच. गाडी रस्त्यापर्यंत येते आणि घर जांभ्याच्या पाखाडीच्या शेवटी असते. पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. अशा वेळी पाठीचा कणा सांभाळून रुग्णाला खुर्चीत बसवून खाली आणणे हे दोन माणसांचे, एकमेकांच्या पावलाकडे लक्ष देऊन करायचे काम आहे. डायलिसिसच्या रुग्णाच्या ज्या हातावर फिस्टुला (सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) केलेला असतो, त्या हाताला धरून त्याला कधीही उठवायचे नसते, त्या हातावर पिशवी अडकवू द्यायची नसते आणि गाडीत त्या बाजूला टेकून झोपूही द्यायचे नसते. परतीच्या वाटेवर रक्तदाब उतरलेला असू शकतो, म्हणून उतरण्याआधी गाडी थांबवून काही मिनिटे बसवून ठेवायचे. पायात गोळे आले तर गाडी कडेला घ्यायची. केमोथेरपीच्या रुग्णांना वासाचा त्रास फार होतो. आमचे चालक पहाटे गाडीतल्या गणपतीपुढे अगरबत्ती लावून मगच किल्ली फिरवत असत. त्या वासाने एका ताईंना मळमळते हे कळल्यावर त्यांनी कोणी न सांगता अगरबत्ती बंद केली आणि फक्त जास्वंदीचे फूल ठेवायला सुरुवात केली. हा निर्णय कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नव्हता, आणि मला तो फार मोठा वाटतो.

बांबोळीचा प्रवास हा वेगळा विषय आहे. सिंधुदुर्गातील माणसाला गंभीर दुखण्यात मुंबईपेक्षा गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळचे, कुडाळहून साधारण 90 किलोमीटर. 1 जानेवारी 2018 पासून तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हापासून शिधापत्रिका, आधार, पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि योजनेचे कागद घरून निघण्यापूर्वीच तपासणे हा वाहतुकीचाच एक भाग झाला आहे. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पोहोचल्यावर शिधापत्रिका घरी राहिल्याचे लक्षात आले, तर गाडी कितीही वेळेवर निघालेली असली तरी तो दिवस वाया गेलेला असतो.

पूर्वीच्या कामात माल पोहोचला की त्याची नोंद बंद होत असे. ज्याच्या घरी ती वस्तू गेली त्याचे पुढे काय झाले, हे कळण्याचे कारण नव्हते आणि साधनही नव्हते. येथे तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, आणि काम नीट झाल्याची खूण एवढीच की पुढच्या पाळीलाही तोच माणूस ओट्यावर तयार बसलेला दिसतो. मालवणजवळच्या एका आजी मला म्हणाल्या, "सकाळी गाडी येतली ह्या म्हायत आसता म्हणान रात्री झोप तरी लागता." माझ्या मते या कामाचा गाभा वेगात नाही, नियमितपणात आहे. गाडी येईलच, या भरवशावर रुग्ण आपल्या उपचारांचा विचार महिन्यांच्या हिशेबाने करू लागतो, आणि त्या भरवशाचा थोडा भाग आपल्या हातून तयार होतो, हे मला रोज दिसते. इतका थेट अर्थ मला आधीच्या कोणत्याही कामात सापडला नव्हता.

रुग्ण म्हणून, नातेवाईक म्हणून किंवा या क्षेत्रात काम करणारे म्हणून आपले अनुभव वाचायला आवडतील.

कृष्णाकाठ

सुरंगीताई, आपला लेख वाचून लिहायला बसले. माझ्या यजमानांचे डायलिसिस मिरजेत होते आणि आमचे गाव तेथून फार लांब नाही. तरीही आपण लिहिलेला रस्त्याचा थकवा मला अक्षरशः ओळखीचा आहे. पहिले वर्षभर आम्ही मिळेल त्या वाहनाने जात होतो. पुतण्याची दुचाकी, शेजाऱ्यांची गाडी, वडाप (वाटेत माणसे घेत जाणारी खासगी जीप), एस.टी. अशी आमची फिरती व्यवस्था होती. प्रत्येक वेळी कोणाकडे तरी शब्द टाकावा लागे. लोक वाईट नव्हते, कोणी तोंडावर नाहीही म्हणत नसे. पण आठवड्यातून तीनदा शब्द टाकणाऱ्या माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागते. यजमान त्यामुळे अबोल झाले होते. एकदा ते मला म्हणाले की आजार सोसता येतो, पण उपकार मोजत बसणे सोसत नाही.

नंतर एका रुग्णालयाच्या गाडीत, चार रुग्ण एकत्र जातील अशी जागा मिळाली. पैसे थोडे द्यावे लागतात, पण ते दिले की प्रश्न संपतो. त्या गाडीत एक गोष्ट घडली, ती कोणत्याही योजनेत लिहून आणता आली नसती. ते चौघे एकमेकांचे वजन विचारू लागले. दोन पाळ्यांमध्ये कोणाचे किती वजन वाढले, पाणी कोणी जास्त प्यायले, तहान लागली तर कोण बर्फाचा खडा चघळतो, डाळ आणि बटाटा शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचे हे कोणाची सून नीट करते, अशा गप्पा होऊ लागल्या. आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद आमच्या घरी फडताळात होता, पण तो वापरात आला त्या गाडीतल्या बोलण्यामुळे.

आपण परतीच्या वाटेविषयी लिहिलेत ते विशेष पटले. जाताना सगळे वेळेवर असतात. चार तासांनंतर माणूस पिळून निघाल्यासारखा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी वाहनाची वाट पाहावी लागते. कोणी अशी सेवा सुरू करणार असेल तर माझी विनंती आहे की परतीची वेळ आधी बांधावी आणि जाण्याची त्यावरून ठरवावी.

रात्रपाळी_वैद्य

मी 108 च्या रुग्णवाहिकेवर आपत्कालीन वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहितो. महाराष्ट्रात ही सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा 937 रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी 233 प्रगत जीवनरक्षक आणि 704 मूलभूत जीवनरक्षक. आपल्या राज्याचे वैशिष्ट्य असे की या गाड्यांवर डॉक्टर असतो. एवढी साधने घेऊन फिरणारी गाडी एका तालुक्यात मोजकीच असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आम्हाला येणाऱ्या दूरध्वनींमध्ये असेही असत की वडिलांना उद्या डायलिसिसला न्यायचे आहे, आईला प्लास्टर काढायला न्यायचे आहे. नाही म्हणताना जीव तुटत असे, कारण त्या माणसाकडे खरोखरच दुसरा मार्ग नसे. आणि हो म्हणावे, तर तेवढ्या वेळात घाटात उलटलेल्या गाडीकडे जायला कोणी नाही. सुरंगीताईंसारखी ठरलेल्या वाहतुकीची व्यवस्था जेथे असते, तेथे आपत्कालीन गाडी आपत्तीसाठी मोकळी राहते. म्हणजे त्यांच्या गाडीत न बसलेल्या, त्यांना कधीही न भेटणाऱ्या रुग्णालाही त्यांचा उपयोग होतो.

ठरलेल्या प्रवासाची गरज सरकारला मान्य नाही, असेही नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 मध्ये आला, त्यात गर्भवतीला घरून रुग्णालयात, गरज पडल्यास वरच्या रुग्णालयात आणि बाळंतपणानंतर बाळासह घरी सोडण्याची वाहतूक मोफत ठेवण्यात आली. आजारी अर्भकालाही ती मिळते. त्या वेळी कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे ओळखले होते की बाळंतपण मोफत करून भागणार नाही, वाटही मोफत करावी लागेल. तोच विचार डायलिसिस, कर्करोग आणि अर्धांगवायूच्या रुग्णांपर्यंत नेण्याची वेळ आता आली आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना एक काळजी घ्यावी, ती येथे लिहून ठेवतो. समोरच्या रुग्णालयाने खाट आहे असे सांगितले, एवढ्यावर निघू नये. कोणत्या विभागात, कोणत्या डॉक्टरांच्या नावे दाखल करून घेणार हे विचारावे, ती वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहावे आणि मगच गाडी हलवावी. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णासाठी सिलिंडर किती वेळ पुरेल, याचा हिशेब रस्त्याच्या नेहमीच्या वेळेवर नव्हे, तर घाट बंद असेल तर लागणाऱ्या वेळेवर करावा.

सुरंगी

रात्रपाळी_वैद्य, मनापासून आभार. घाटाचे आपण लिहिलेत ते आमच्याकडे शब्दशः लागू आहे. करूळ घाट रुंदीकरणासाठी 2024 च्या जानेवारीत बंद झाला, तेव्हा गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला जाणारे आमचे रुग्ण फोंडा घाटाने न्यावे लागले. शेक घेणाऱ्या रुग्णाला सोमवार ते शुक्रवार, आणि काहींना सलग सहा-सात आठवडे जायचे असते. प्रत्यक्ष यंत्राखालचा वेळ काही मिनिटांचा आणि प्रवास अख्ख्या दिवसाचा. काही रुग्णांची कोल्हापुरातच राहण्याची सोय लावून दिली आणि गाडी फक्त शनिवार-रविवारसाठी ठेवली. गाडी न पाठवणे हेच योग्य आहे, असे ठरवण्याचे प्रसंगही या कामात येतात. पावसाळ्यात तेरेखोलचे पाणी बांद्याच्या बाजारपेठेत चढते, तेव्हा त्या बाजूच्या डायलिसिसच्या रुग्णांना पाणी चढण्याआधीच अलीकडे आणून ठेवावे लागते. पावसाचा अंदाज मी आता वेळापत्रकाच्या शेजारीच उघडून बसते.

कृष्णाकाठ, परतीची वेळ आधी बांधण्याची सूचना मी आमच्या बैठकीत मांडणार आहे. वहिनी, आपण उपकारांविषयी जे लिहिले आहे ते मी आमच्या चालकांनाही वाचून दाखवले. आम्ही काही रुग्णांकडून नाममात्र रक्कम घेतो, ती का घेतो याचे याहून चांगले उत्तर मला देता आले नसते.

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे आणि भावना खरी आहे. तरीही एक प्रश्न विचारतो. सेवाभावी संस्थांमध्ये समाधान हा पगाराचाच भाग समजण्याची पद्धत आहे. समन्वयक भारावलेली असते. चालक मात्र पहाटे चारला निघून रात्री आठला परत येतो आणि त्याला सुटी मागायला संकोच वाटतो, कारण समोर रुग्ण असतो. शिवाय जे रुग्ण पुन्हा पुन्हा भेटतात, ते कधीतरी भेटायचे थांबतात. त्याचे काय करायचे, हेही लिहावे.

सुरंगी

प्रश्न अगदी रास्त आहे.

पगार मला पूर्वीपेक्षा कमी मिळतो. घर स्वतःचे आहे आणि भाडे वाचते, म्हणून ते परवडते. ज्याला परवडणार नाही त्याने या समाधानाच्या वर्णनावर विसंबून नोकरी सोडू नये. चालकांच्या बाबतीत मी जास्त आग्रही आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 मध्ये (2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. संस्था लहान असली, कायद्याचा आकडा तिला लागू होत नसला, तरी वेळापत्रक त्याच मर्यादेत बसवायचे, असा माझा नियम आहे. पहाटेच्या पाळीचा चालक दुपारी बदलतो. मालाच्या गाड्या आखताना शिकलेली विद्या येथे सर्वांत जास्त उपयोगी पडली असेल तर ती या ठिकाणी. थकलेल्या माणसाच्या हाती रुग्ण देणे ही सेवा नव्हे, आणि रुग्णासाठी म्हणून चालकाला राबवणाऱ्या संस्थेचे मी समर्थन करणार नाही.

चतुर्थीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. डायलिसिसला गणपतीची सुटी नसते. चालकाच्या घरीही गणपती असतो आणि रुग्णाच्याही. आम्ही महिनाभर आधी केंद्राशी बोलून प्राणप्रतिष्ठेच्या दिवशीची पाळी शक्य तितकी पुढे-मागे करून घेतो, ख्रिस्ती आणि मुस्लिम चालक त्या दिवशीच्या फेऱ्या आपणहून मागून घेतात, आणि नाताळ व ईदला बाकीचे त्यांची परतफेड करतात.

जे रुग्ण भेटायचे थांबतात त्यांच्याविषयी. हे घडते आणि पुढेही घडत राहील. यादीतले नाव काढून टाकण्यापूर्वी मी त्या घरी जाऊन येते, शक्य असल्यास त्या रुग्णाला नेहमी नेणारा चालकही येतो. घरची माणसे चहा करतात आणि बोलतात. ती बहुतेक वेळा शेवटच्या दिवसांविषयी बोलत नाहीत. गाडीत कोण काय म्हणाले, वाटेत कुठे थांबून शहाळे घ्यायचा मोह झाला आणि पोटॅशियममुळे ते कसे टाळले, हेच सांगतात. दुःख होते, आणि ते व्हायला हवे. परंतु त्या माणसाचे उपचार रस्त्यामुळे तुटले नाहीत, एवढे मला ठाऊक असते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठायला ते पुरते.

रूळांवरून

मी रेल्वेच्या आरक्षण कार्यालयातून निवृत्त झालो आहे. खिडकीच्या आतून मी जे पाहिले त्यावरून सांगतो की सवलत असूनही ती न घेणारे रुग्ण फार असतात, म्हणून माहिती येथे नोंदवून ठेवतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत 100 टक्के, म्हणजे पूर्ण सवलत असते, आणि त्याच्या एका सोबत्याला त्याच श्रेणींत 75 टक्के. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाताना दुसरा वर्ग, शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत 75 टक्के सवलत मिळते व सोबत्यालाही तीच. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली, तेव्हा रुग्णांचीही बंद झाली असा समज पसरला. तो खरा नव्हता. मी लोकांना हे सांगत राहिलो, तरी किती तरी जण पूर्ण भाडे भरून गेले.

परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कोकणातील रुग्णांसाठी सावंतवाडीहून दादरला येणारी तुतारी एक्स्प्रेस सोयीची आहे, कारण उतरल्यावर परळ जवळ आहे आणि दादरलाच संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची राहण्याची सोय होते. सुरंगीताई, आपल्या संध्याकाळच्या प्रश्नांच्या यादीत या प्रमाणपत्राचाही प्रश्न घालावा, अशी विनंती.

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीत अशाच वाहतुकीच्या नियोजन कक्षात काम करते. येथे गरीब रुग्णांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेत आपत्कालीन नसलेली वाहतूकही राज्यांना द्यावीच लागते. ही अट पूर्वी नियमांच्या आधारे होती, 2020 च्या डिसेंबरमध्ये ती कायद्यातच घालण्यात आली. रुग्ण दूरध्वनी करतो, आम्ही गाडी ठरवतो, आणि त्याचा खर्च उपचारांच्या खर्चातच धरला जातो. त्यामुळे आमच्या रुग्णांना उपकाराची भावना तुलनेने कमी बोचते, आणि कृष्णाकाठ यांनी लिहिलेला प्रश्न बराचसा सुटतो.

मात्र सुरंगीताईंच्या लेखातील काही गोष्टी आमच्याकडे नाहीत. रोज वेगळा चालक जातो. रुग्णाला कोणता वास सहन होत नाही हे लक्षात ठेवणारा माणूस व्यवस्थेत कोठेच नसतो, आणि परतीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या वृद्धांचे दूरध्वनी आम्हाला रोज येतात. हक्क आणि ओळख या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत कशा आणता येतील, हा माझ्या कामातला रोजचा प्रश्न आहे. एका रुग्णाला शक्यतो तोच चालक देण्याचा प्रयोग मी माझ्यापुरता सुरू केला आहे.

नवखा_पांथस्थ

मी साताऱ्याचा. शाळेच्या बसवर चालक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. हा धागा वाचल्यापासून हेच काम करावे असे वाटते आहे. काय शिकावे लागेल आणि कोणती गाडी लागते, हे कृपया सांगावे.

सुरंगी

दादा, शाळेची बस चालवलेली आहे म्हणजे हळू चालवण्याची आणि दार लागल्याची खात्री करून मगच गाडी हलवण्याची सवय आपल्याकडे आधीच आहे. ती शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

शिकण्यासारख्या गोष्टींमध्ये प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याची पद्धत सर्वांत आधी घ्यावी. रेड क्रॉसच्या शाखा आणि अनेक रुग्णालये असे वर्ग घेतात. त्यानंतर रुग्णाला उचलण्याचे शास्त्र. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून आसनावर घेताना स्वतःची कंबर न वापरता गुडघे वाकवून कसे उचलायचे, अर्धांगवायूच्या रुग्णाला कोणत्या बाजूने धरायचे, चाकांची खुर्ची उतारावरून उलट्या दिशेने का उतरवायची, हे एखाद्या भौतिकोपचारतज्ज्ञांकडे काही दिवस उभे राहून शिकता येते. आमच्या सर्व चालकांना आम्ही असेच शिकवले. रुग्णालयाच्या आवारातील वाटा आपल्या आपण पाहून ठेवाव्यात: उद्वाहन (लिफ्ट) कोठे आहे, चाकांची खुर्ची कोणाकडे मिळते, डायलिसिस विभागाचे मागचे दार किती वाजता उघडते.

गाडीविषयी सांगायचे तर, देशात रुग्णवाहिकांसाठी एआयएस-125 नावाचे मानक आहे आणि त्यात अ, ब, क, ड असे चार प्रकार केलेले आहेत. अ म्हणजे प्रथम मदत घेऊन पोहोचणारे वाहन, ब म्हणजे स्थिर रुग्णाची वाहतूक करणारे वाहन, क मूलभूत जीवनरक्षक आणि ड प्रगत जीवनरक्षक. आपल्याला हवे असलेले काम ब प्रकारात मोडते. स्वतः गाडी घेण्याचा विचार असेल तर नोंदणी त्याप्रमाणे करण्याविषयी आरटीओत आधी विचारून घ्यावे. माझा सल्ला मात्र असा की आरंभी गाडी घेऊ नये. साताऱ्यात किंवा कराडला ज्या डायलिसिस केंद्रांत रुग्ण येतात, तेथे आठवडाभर सकाळी जाऊन बसावे. कोण कोठून येतो, कशाने येतो, पाळी कोण चुकवतो आणि का, हे विचारावे. तीन-चार रुग्ण एकाच वाटेवरचे निघाले की त्यांच्यासाठी एक फेरी आखता येते, आणि ती एक फेरी न चुकता चालली की केंद्रातील परिचारिका स्वतःहून पुढचे रुग्ण आपल्याकडे पाठवतात.

केंद्राशी बोलणे झाले की येथे लिहावे. फेऱ्यांचा आमचा तक्ता आणि संध्याकाळच्या प्रश्नांची यादी मी आपल्याला संदेशातून पाठवते. रूळांवरून यांच्या सूचनेप्रमाणे त्यात रेल्वेच्या प्रमाणपत्राची ओळ आजच घातली आहे.